गावाचे नाव आणि चहाचा भाव

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे निघाले की सुमारे पंचवीस किलोमीटरांवर होसकोटे लागते. कन्नडमध्ये ‘होस’ म्हणजे नवे आणि ‘कोटे’ म्हणजे कोट. कोट केव्हाच जुना झाला, तरी नाव ‘नवा कोट’ असेच राहिले. मराठी वाचकाला हे गाव ऐकून माहीत असते ते शहाजीराजांच्या जहागिरीमुळे. १६३८ च्या सुमारास आदिलशाहीकडून त्यांच्याकडे आलेल्या मुलखाची नावे सांगताना बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे यांच्याबरोबर होसकोटे हे नाव इतिहासग्रंथांत हटकून येते. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असा बंगळूरला येणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ पुढे मद्रासकडे जाताना याच गावावरून कोलारला जात असे. त्या तुकड्याचा क्रमांक आता ७५ झाला आहे. मालाची वर्दळ मात्र तीच आहे.

या भागातील पेठांत सुटा माल विकण्याच्या दोन रीती दिसतात, आणि त्यांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. गिऱ्हाईक कॉफीच्या दुकानात जाते तेव्हा बी कोणत्या जातीचे आणि चिकोरी किती, एवढेच विचारते. ऐंशी-वीस किंवा सत्तर-तीस असे प्रमाण सांगितले की भाव ठरतो. चहाच्या बाबतीत तेवढेही विचारले जात नाही. दाणा बारीक की जाड, रंग कसा उतरतो, बस्स. ही भुकटी बहुतांशी निलगिरीकडून येते, परंतु निलगिरीतील कोणत्या मळ्याची, हे दुकानदारालाही ठाऊक नसते. उलट एप्रिल-मे महिन्यांत कोलारकडून आंबा उतरू लागला की ‘श्रीनिवासपूरचा का?’ असा प्रश्न पहिल्याप्रथम येतो. (कन्नड ‘पुडि’ म्हणजे भुकटी आणि मराठी ‘पुडी’ म्हणजे कागदात बांधलेली वस्तू. सुट्या मालाच्या दुकानात या दोन्ही पुड्या एकाच वेळी हातात पडतात, हा भाषेचा एक मौजेचा योग होय.)

एखाद्या मालाच्या भावात गावाचे नाव शिरते आणि दुसऱ्याच्या शिरत नाही, असे का व्हावे? गुण हे उत्तर पटकन सुचते, पण ते अपुरे आहे. कॉफीच्या चवीतही प्रदेशाप्रमाणे फरक पडतोच. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक टोकाचे उदाहरण उपयोगी पडते. ते उदाहरण चीनच्या नैर्ऋत्येस असलेल्या यून्नान प्रांतातील आहे, आणि ते चहाचेच आहे.

यून्नानच्या दक्षिण भागात पिकणारा पुएर नावाचा चहा ज्या झुडपापासून होतो, त्याला वनस्पतिशास्त्र आसामी चहाच्याच उपजातीत गणते. म्हणजे होसकोट्याच्या दुकानातील भुकटी आणि यून्नानमधील हा चहा यांचे गोत्र एकच. भुकटी किलोला काही शे रुपयांत मिळते. यून्नानच्या काही मोजक्या गावांतील सुट्या चहाला मात्र किलोमागे हजारो युआन पडतात, आणि युआन म्हणजे दहा रुपयांहून अधिकच. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, तशाच रीतीने केलेला चहा शंभर युआनच्या मागेपुढे जातो. हा कित्येक पटींचा फरक डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही चहा एका सुपात मिसळले तर ते पुन्हा वेगळे करणे जाणकारालाही कठीण पडेल.

पुएर दोन प्रकारचा असतो. ‘पक्का’ पुएर म्हणजे ओलसर ढिगात आंबवून काही आठवड्यांत काळा केलेला. ही कृती १९७३ च्या सुमारास बसविण्यात आली. ‘कच्चा’ पुएर त्याहून पुष्कळ जुना आहे. त्याची कृती साधी आहे. खुडलेला पाला थोडा कोमेजू द्यायचा, तापलेल्या कढईत परतायचा, हातांनी किंवा यंत्राने मळून पिळायचा आणि उन्हात वाळवायचा. चार-साडेचार किलो ओल्या पाल्याचा एक किलो वाळलेला चहा होतो. त्याला ‘माओछा’ म्हणतात. ‘माओ’ या शब्दात राठ, अजून न घडविलेले असा अर्थ आहे. हाच माओछा पुढे वाफेवर मऊ करून दाबला की चकती होते. प्रचलित चकतीचे वजन ३५७ ग्रॅम असते आणि अशा सात चकत्यांची एक चवड बांबूच्या पानात बांधतात. गुळाची ढेप ज्याने पाहिली आहे त्याला या व्यवहाराची कल्पना सहज येईल. ढेप वाहून नेता येते, रचता येते, वर्षानुवर्षे ठेवता येते; सुटा चहा जागा फार खातो, वाटेत चुरतो आणि दमट हवेत लवकर बदलतो.

परंतु ढेप आणि सुटा माल यांत आणखी एक फरक आहे, आणि भावाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. चकतीवर कागद असतो. त्यावर कारखान्याचे नाव, साल, छाप असते. तिची खरी-खोटी कशीही असो, पण एक कुंडली असते. सुटा माओछा पोत्यातून किंवा खोक्यातून येतो, आणि विकणारा जे बोलेल तीच त्याची कुंडली. म्हणूनच मेंगहायसारख्या गावातील घाऊक बाजारात, किंवा दूर क्वांगचौ शहरातील फांगत्सुनच्या प्रचंड चहापेठेत सुट्या मालाचा सौदा होतो तेव्हा पहिला प्रश्न ‘कोठला?’ असाच असतो. प्रत, पानाचा आकार, तुकड्यांचे प्रमाण या गोष्टी त्यानंतर येतात.

भावाचा हा नकाशा समजून घेण्यासारखा आहे. लानत्सांग नदी, म्हणजेच पुढे मेकाँग, या प्रदेशातून उत्तर-दक्षिण वाहते. नदीच्या पूर्वेस यीवूचा डोंगर आणि जुन्या ‘सहा चहा-पर्वतां’पैकी बहुतेक येतात. पश्चिमेस मेंगहाय तालुका आणि त्यातील बुलांग पर्वत. उत्तरेला लिनत्सांग जिल्हा. मधल्या पट्ट्यात जिंगमाय, जेथील प्राचीन चहावनांना २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. यीवूचा चहा मृदू आणि गोडसर, बुलांगचा कडू आणि जोरकस, हा ढोबळ भेद जाणकार सांगतात आणि तो निराधार नाही. माती, उंची, धुके, झाडांचा वाण यांनी चव बदलते. पण भावाचा नकाशा चवीच्या नकाशापेक्षा कितीतरी तुटक आहे. चव डोंगराच्या उतारावर हळूहळू बदलत जाते. भाव गावाच्या शिवेवर एकदम कोसळतो.

बुलांग पर्वतावर लाओ बानझांग नावाचे हानी लोकांचे गाव आहे. ‘लाओ’ म्हणजे जुने. त्याच्यापासून थोड्याच अंतरावर शीन बानझांग, म्हणजे ‘नवे बानझांग’ आहे. दोन्ही गावांत जुनी झाडे आहेत, लोक एकाच जमातीचे, कृती एकच. तरीही नव्या बानझांगचा भाव जुन्याहून नेहमीच बराच खाली राहिला. जवळच लाओ मान-अ हे बुलांग लोकांचे गाव आहे. तेथील झाडे तितकीच वयस्क, चहा अधिक कडू, आणि भाव आणखी खाली. ‘मान’ हा दाय भाषेतील शब्द गाव या अर्थाचा आहे. आपल्याकडील ‘वाडी’ किंवा कन्नडमधील ‘हळ्ळी’ यांच्या जागी तो येतो. या भागातील कित्येक गावांच्या नावांत तो सापडतो.

लिनत्सांगमधील बिंगदाओचे उदाहरण याहून बोलके आहे. चिनी लिपीत आज हे नाव ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘बर्फाचे बेट’ असा होतो. तेथे बेट नाही आणि बर्फाचाही संबंध नाही. मूळ दाय नावाचा तो ध्वनीवरून केलेला लेखनभेद आहे, आणि पूर्वी ते वेगळ्या अक्षरांनी लिहीत. नव्या अक्षरांत मात्र खडीसाखरेची आठवण आहे, आणि त्या चहाचा गोडवा वर्णन करताना व्यापारी तिचा भरपूर उपयोग करतात. आता ‘बिंगदाओ’ कशाला म्हणायचे? सरकारी दप्तरात त्या नावाच्या ग्रामसमितीखाली पाच वाड्या येतात. त्यांपैकी ‘जुनी वाडी’ तीच खरी बिंगदाओ, असे पेठ मानते, आणि तिचा भाव बाकीच्या चार वाड्यांच्या कितीतरी पट असतो. त्या चार वाड्यांतील शेतकऱ्याने आपल्या मालाला बिंगदाओ म्हटले तर कागदोपत्री तो खोटे बोलत नाही. घेणाऱ्याच्या मनात मात्र दुसरेच गाव असते. एकच नाव महसुली अर्थाने आणि बाजारी अर्थाने असे दोन ठिकाणी पाय ठेवून उभे आहे.

गावाखेरीज भावात आणखी दोन गोष्टी येतात. पहिली ऋतूची. छिंगमिंगच्या सणाच्या, म्हणजे एप्रिलच्या आरंभीच्या सुमारास खुडलेला पहिला वसंती चहा सर्वांत महाग, पावसाळी सर्वांत स्वस्त, शरदातला त्यांच्या मध्ये. दुसरी झाडाच्या वयाची. शेकडो वर्षांचे, उंच, एकेकटे वाढलेले झाड आणि डोंगर पायऱ्यांसारखा कापून ओळीने लावलेली झुडपे यांच्या पाल्याला एकाच गावातही अगदी निराळे भाव मिळतात. येथेही तोच घोटाळा आहे. वाळलेल्या पानावरून झाडाचे वय सांगता येत नाही. किती वर्षांच्या झाडाला ‘जुने’ म्हणावे याचा सर्वमान्य दंडकही नाही. व्यापारात शंभर वर्षे ही मर्यादा सोयीने धरतात.

हे सारे वाचून एखाद्याला वाटेल की ही परंपरा शतकानुशतकांची असावी. तसे नाही, आणि हा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. १९५० नंतरच्या चार-पाच दशकांत यून्नानमधील चहाची खरेदी सरकारी यंत्रणेमार्फत होई. गावोगावचा माओछा पानाच्या आकाराप्रमाणे आणि शुद्धतेप्रमाणे प्रतींत विभागला जाई, आणि प्रतीप्रमाणे ठरलेला भाव मिळे. लाओ बानझांगचे पोते आणि शेजारच्या खोऱ्यातील पोते कारखान्यात एकाच ढिगावर रिकामे होई. कारखाने मिश्रणे करीत आणि त्यांना आकडे देत. त्यांतील ‘७५४२’ हा आकडा सर्वांत प्रसिद्ध आहे. पहिले दोन अंक कृतीच्या वर्षाचे, म्हणजे १९७५ चे. तिसरा पानाच्या प्रतीचा. शेवटचा कारखान्याचा, कारण मेंगहायच्या कारखान्याचा क्रमांक २ होता. या आकड्यात वर्ष आहे, प्रत आहे, कारखाना आहे. फक्त गाव नाही. किंबहुना गाव पुसून टाकणे हेच त्या पद्धतीचे कौशल्य होते. दरवर्षीचा माल वेगळा असूनही मिश्रणाची चव एकसारखी ठेवायची, तर कोणत्याही एका गावाला डोके वर काढू देऊन चालत नाही.

भारतातील वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. तिचे भावंड होसकोट्यापासून तासाभराच्या अंतरावर, बंगळूर शहरातच, निम्मे शतक नांदत होते. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या बाजारपेठा बंद पडल्या आणि कोडगू, चिकमगळूर, हासन या भागांतील कॉफी मळेवाल्यांवर संकट कोसळले. त्यावर उपाय म्हणून प्रथम १९४० मध्ये वटहुकूम आणि मग १९४२ चा कॉफी कायदा आला. त्या कायद्याखाली काम करणाऱ्या कॉफी मंडळाचे मुख्य कार्यालय बंगळूरला आहे. मळेवाल्याने आपले सारे पीक मंडळाच्या सामाईक साठ्यात द्यायचे, स्वतः विकायचे नाही. सोलून-साफ करून कॉफीच्या प्रती ठरत. ‘प्लांटेशन ए’ ही त्यांपैकी एक, गोल दाण्याची ‘पीबेरी’ दुसरी. प्रत्येक प्रतीला गुण ठरलेले असत, साठा विकला जाई तसतशी गुणांप्रमाणे रक्कम हप्त्याहप्त्यांनी मळेवाल्यांना मिळे, आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत पुष्कळदा पुढची पिके हाती आलेली असत.

या पद्धतीने दोन गोष्टी केल्या, आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. एक तर लहान शेतकरी भावाच्या उसळी-कोसळीपासून बराचसा वाचला. त्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नव्हते आणि दलालापुढे पदर पसरावा लागत नव्हता. दुसरे असे की, उंचावरच्या सावलीत निगुतीने कॉफी पिकविणारा आणि कसेबसे पीक काढणारा हे दोघे दाण्याचा आकार सारखा निघाला की एकाच रकमेचे धनी होत. चव गुणांत मोजली जात नव्हती. दाण्याचा आकार मोजला जात होता. मळेवाल्यांच्या तक्रारींत पैसे उशिरा मिळण्याची तक्रार मोठी होती, पण आपले नाव बुडाले ही तक्रारही काही लहान नव्हती. १९९२ ते १९९६ या काळात ही सक्ती टप्प्याटप्प्याने उठली. आरंभी ब्राझीलमधील १९९४ च्या हिमतुषारामुळे जगात भाव चढलेले होते, त्यामुळे स्वातंत्र्य गोड लागले. नव्या शतकाच्या आरंभी जागतिक भाव कोसळले तेव्हा सामाईक साठ्याचे छप्पर नसलेला लहान मळेवाला उघड्यावर सापडला.

यून्नानमध्येही साधारण याच काळात सरकारी खरेदीची चौकट सैल झाली. १९९४ मध्ये तैवानचे काही चहाप्रेमी जुन्या चकत्यांचा माग काढीत यीवूला पोहोचले. ज्या गावांची नावे त्यांना जुन्या छापांवरून माहीत होती, ती गावे तोवर चहाच्या व्यापारात जवळजवळ विसरली गेली होती. त्यांनी तेथे जुन्या रीतीने चकत्या करवून घेतल्या, आणि एका गावाचा, न मिसळलेला चहा ही कल्पना पुन्हा रुजू लागली. मेंगहायचा कारखाना २००४ मध्ये खाजगी हातांत गेला. लाओ बानझांगचा जो सुटा चहा शतकाच्या आरंभी किलोला काही थोड्या युआनांत मिळत असे, तो २००७ च्या वसंतात हजाराच्या घरात गेला. ते वर्ष पुएरच्या उन्मादाचे होते. ज्यांनी आयुष्यात हा चहा चाखला नव्हता तेही खोकी रचून ठेवीत होते. त्याच वर्षी उन्हाळ्यापर्यंत बाजार कोसळला, आणि पाला विकत घेण्यासाठी डोंगर चढणारे लोक दिसेनासे झाले.

यानंतर जे झाले ते लक्षणीय आहे. भाव पुन्हा चढले, पण सगळ्यांचे सारखे चढले नाहीत. पायऱ्यांवरच्या साध्या झुडपांचा चहा पुष्कळसा जमिनीलाच राहिला. प्रसिद्ध गावांतील जुन्या झाडांचा पहिला वसंती चहा मात्र किलोला कित्येक हजारांवर, काही वर्षी दहा हजार युआनांच्या घरात पोहोचला. एकदा पोळलेले गिऱ्हाईक अनोळखी मालापासून दूर राहते आणि ओळखीच्या नावाकडे धाव घेते, हा सुट्या मालाच्या बाजाराचा स्वभाव आहे. मंदीने नावांची किंमत वाढविली.

नाव इतके मोलाचे झाले की त्याची राखण करणे आले. लाओ बानझांगच्या वेशीवर कमान आहे, आणि हंगामात बाहेरचा पाला गावात शिरू नये म्हणून गावकरी येणाऱ्या गाड्या तपासतात. चोर बाहेरून आत येतो तो काही नेण्यासाठी नव्हे, आत काही आणून टाकण्यासाठी, अशी ही उफराटी राखण आहे. गावात बँकेची शाखा उघडली आहे. मातीच्या-लाकडाच्या घरांच्या जागी काँक्रीटचे मजले उभे राहिले आहेत. झाडांवर ताण आला आहे. अधिक खुडल्याने आणि मुळांभोवतीची जमीन सतत तुडविल्याने कित्येक जुनी झाडे खंगल्याची उदाहरणे या प्रसिद्ध गावांतच अधिक आहेत. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले झाड भाव नसताना टिकले होते, ही गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते.

कायद्याचे संरक्षण आहे, पण ते भलत्या पातळीवर आहे. चीनच्या २००८ च्या राष्ट्रीय प्रमाणकानुसार पुएर म्हणजे यून्नानच्या ठरावीक प्रदेशातील मोठ्या पानाच्या, उन्हात वाळविलेल्या चहापासून केलेला माल. तो प्रदेश ११ जिल्ह्यांतील ७५ तालुके आणि ६३९ मंडले इतका विस्तृत आहे. एवढ्या मोठ्या प्रदेशातील कोणीही ‘पुएर’ हे नाव लावू शकतो, आणि प्रदेशाबाहेरच्याने लावले तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. पण भावातील कित्येक पटींचा फरक या प्रदेशाच्या आतल्या आत, एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत पडतो. जेथे पैसा आहे तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे वेशीवरची कमान आणि विकणाऱ्याचा शब्द एवढेच आहे.

कोकणच्या आंब्याचे दुखणे ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. देवगड आणि रत्नागिरी यांच्यात भावाचा जो फरक पडतो, तो या मानांकनाच्या पोटातच राहतो. दुसरीकडे कर्नाटकातला हापूस पुण्या-मुंबईच्या बाजारांत येतो, आणि पेटी फुटून फळे सुटी झाली की त्यांतली काही देवगडची होतात. यात कर्नाटकातल्या शेतकऱ्याचा दोष नसतो, आणि बहुधा त्याला लाभही नसतो. त्याचा आंबा त्याच्या स्वतःच्या नावाने चांगला असू शकतो. कोलार भागात त्या फळाला ‘बादामी’ म्हणतात आणि आवडीने खातात. महामार्गावर बरेच पुढे गेल्यावर ते नाव गळून पडते आणि दुसऱ्याच गावाचे नाव चिकटते. त्या दोन नावांतील फरकाची रक्कम मधल्या कोणाच्या तरी खिशात राहते. शीन बानझांगच्या शेतकऱ्याचीही नेमकी हीच गत आहे. त्याचा पाला लाओ बानझांगच्या नावाने शहरात विकला जातो तेव्हा त्याला शीन बानझांगचाच भाव मिळालेला असतो.

तेव्हा नावात काहीच नाही असे म्हणता येत नाही. जमीन, झाडे आणि पिढ्यांची निगा त्यात खरोखरच आहे. परंतु नावाला मिळणारी सारी किंमत त्या गुणाची नसते. तिचा मोठा हिस्सा, हा माल कोठला हे निश्चित कळण्याबद्दल मोजलेला असतो. आणि सुट्या मालात नेमकी तीच निश्चिती सर्वांत दुर्मिळ असल्यामुळे तो हिस्सा सर्वांत महाग असतो. जेथे एखादी मध्यस्थ संस्था ही निश्चिती दुसऱ्या मार्गाने पुरविते तेथे गावाच्या नावाची गरज पडत नाही. कुन्नूरला १९६३ पासून चहाचा लिलाव होतो. तेथे दलाल नमुने चाखून अंदाजी भाव लावतात, कारखान्याची खूण, प्रत आणि गोणीचा क्रमांक यांवर बोली होते. कारखान्याची खूण तेथपर्यंत येते. मिश्रण करणाऱ्याच्या गोदामात ती संपते. पाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याचे नाव तर कारखान्याच्या फाटकातच संपलेले असते. त्याच्या पाल्यासाठी चहा मंडळ दरमहा जिल्हावार सरासरी भाव जाहीर करते. कोटगिरीचा पाला आणि गुडलूरचा पाला त्या सरासरीत एकच.

निलगिरीतील शेतकऱ्यांची पाल्याच्या भावाविषयीची तक्रार जुनी आहे आणि ती अजून मिटलेली नाही. ती मिटविण्यासाठी गावाचे नाव पुढे करावे, असा सल्ला हल्ली पुष्कळदा दिला जातो, आणि त्यासाठी यून्नानकडे बोट दाखविले जाते. सल्ला देणारे बहुधा लाओ बानझांग पाहून येतात. बिंगदाओच्या उरलेल्या चार वाड्या त्यांना कोणी दाखवीत नाही. नाव वर काढले की कोणाचे तरी नाव खाली जाते. शंभर गावांपैकी दहा गावे वर गेली तर नव्वदांच्या सरासरीतून त्यांचा चांगला माल निघून जातो आणि ती सरासरीच खाली येते. सामाईक साठ्याने चांगल्या मळेवाल्यावर अन्याय केला होता हे खरे. नावाचा बाजार तो अन्याय शेजाऱ्यावर सरकवितो.

कॉफीच्या बाबतीत नावे आता परत येऊ लागली आहेत. २०१९ मध्ये कोडगूची अरेबिका, चिकमगळूरची अरेबिका, बाबाबुदनगिरीची अरेबिका, वायनाडची रोबस्टा आणि आंध्रातील अराकू खोऱ्याची अरेबिका यांना भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशी पाठविल्या जाणाऱ्या गोणींवर ती नावे दिसतात. होसकोट्यासारख्या गावातील कॉफीच्या दुकानात मात्र अजून बी आणि चिकोरी यांचेच प्रमाण सांगितले जाते. गिऱ्हाईक ‘ऐंशी-वीस’ म्हणते, दुकानदार डोळ्यांदेखत दळतो, गरम पुडि कागदाच्या पुडीत बांधतो. त्या कागदावर एकच नाव छापलेले असते, आणि ते दुकानाचे असते.